शिडी, किटली आणि माझा शिक्का

सोमवार, ३ तारीख

ही डायरी बाळची. म्हणजे बाळच्या पक्षाने त्याला दिलेली. वर सोनेरी रंगात शिडी छापलीय. उमेदवाराने रोज काय केलं, कुणाला भेटला, ते हिच्यात लिहावं असा वरून हुकूम होता. बाळने पहिल्या दिवशी एक ओळ लिहिली, दुसऱ्या दिवशी अर्धी, आणि तिसऱ्या दिवशी डायरी स्वयंपाकघरातल्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली आली. म्हटलं, एवढी गुळगुळीत वस्तू टेकूला कशाला? मला लिहिता येत नाही, पण बोलता येतं. सुनेला लिहिता येतं, पण ती बोलत नाही. दोघींत मिळून एक माणूस होतो.

बाळ म्हणजे माझा मुलगा. मिशा पांढऱ्या झाल्या, चौकात चष्म्याचं दुकान आहे, दोन मुलं परगावी शिकतात, तरी बाळच. शिडीवाल्यांनी त्याला आमच्या वॉर्डातून नगरसेवकाच्या जागेला उभं केलंय. भाषणाला उभा राहिला की हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नाही. मग समोर बसलेल्याचा चष्मा सरळ करतो. काल सभेत दोघांचे केले. लोकांना ते भाषणापेक्षा आवडलं म्हणे.

सूनबाई हसते आहे. हसू नको, लिही.

बुधवार, ५ तारीख

किटलीवाल्यांनी कुणाला उभं केलं ते आज कळलं. आमच्या जावईबापूंना!

मी आधी हसले. मग बाळचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

जावईबापू पूर्वी बस चालवायचे. आमच्या चढावरच्या गल्लीत येणारी हिरवी बस त्यांचीच. वरच्यांनी ती बस बंद केली, तशी यांनी नोकरी सोडली आणि गाडी शिकवायची शाळा काढली. अर्ध्या वॉर्डाला त्यांनी गाडी शिकवली, उरलेल्या अर्ध्याला बाळने चष्मे दिले. पक्षवाले खुळे नाहीत, बरोबर माणसं हेरली. शाळेत हे दोघे एका बाकावर बसायचे. बाळनेच त्याला एकदा घरी आणला, आणि माझ्या लेकीने, ताईने, ठेवून घेतला.

दोघंही म्हणतात, बस परत आणू. मग भांडण कशाचं? मी बाळला विचारलं.

"आई, धोरणात फरक आहे."

"काय फरक?"

"आमची बस चौकातून वर येणार. त्यांची शाळेकडून."

"आणि दोन्ही आल्या तर गल्लीत वळणार कशा?"

बाळने प्यायला पाणी मागितलं.

शनिवार, ८ तारीख

आज माझे फोटो निघाले. आयुष्यात एवढे निघाले नव्हते, आज एका दिवसात दोन घरी निघाले.

सकाळी शिडीवाल्यांचे साहेब आले. बाळला यांनीच तिकीट दिलंय. दारात यायच्या आधी त्यांच्या अत्तराचा वास आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजी, तुमच्यासारख्यांसाठीच आमचा पक्ष आहे." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं कुठं होता? मी तर इथंच होते." साहेब खूप हसले. फोटोवाल्याने तेवढ्यात काढून घेतला. साहेबांच्या हसण्याशी माझा रुसवा शोभून दिसेल.

दुपारी उतरून ताईकडे गेले, तर तिथं किटलीवाल्यांची माणसं. हातात कप देऊन म्हणाली, "प्या आजी, आम्ही नुसता फोटो काढतो." कप रिकामा! चहाचा पत्ता नाही. म्हटलं, हरकत नाही, जावयाचं काम आहे. मीही रिकाम्या कपातून अशी प्याले की शेवटी पदराने तोंड पुसलं.

घरी येऊन सांगितलं तर सूनबाई म्हणाली, "आई, दोन्हीकडे कशाला दिलात?"

"मागितला म्हणून दिला. फोटोला काय जातं? चेहरा माझ्याबरोबर घरी आला की."

गुरुवार, १३ तारीख

चेहरा घरी आला नाही. वॉर्डभर फिरतोय.

सकाळी इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. कपड्यांवर दोन कागद ठेवलेले. "आजी, तुम्ही दोन पक्षांकडून उभ्या आहात की काय?" म्हणाली. पाहिलं तर दोन्हींवर मी. एकीकडे साहेबांशेजारी रुसलेली, एकीकडे रिकामा कप पिणारी.

"खाली काय लिहिलंय?"

इस्त्रीवालीने शिडीचा कागद वाचला. "‘मुलाला मी ओळखते. माझं मत शिडीलाच.’"

"आणि हा?"

ती घुटमळली. "‘मुलगा माझा असला तरी सांगते, काम करेल तो जावईच. माझं मत किटलीला.’"

मी कागद सूनबाईच्या हातात दिला. तिनेही तेच वाचलं. इस्त्रीवाली थट्टा करत असेल असं वाटलं होतं, पण कागदावर खरंच तसं होतं.

मला वाचता येत नाही याची मला कधी लाज वाटली नाही. वाचणारे आसपास होते, लागेल तेव्हा विचारायचं. पण आज माझ्या तोंडाखाली कुणीतरी आपले शब्द लावले, वॉर्डभर वाटले, आणि सगळ्यांत शेवटी मला कळले. माझ्याच घरात मला पाहुणी केल्यासारखं झालं.

संध्याकाळी बाळ किटलीचा कागद नाचवत आला. "आई, तू असं बोललीस?" त्याच वेळी ताईचा फोन. "आई, तू शिडीला शब्द दिलास?" दोघांनाही आपला कागद म्हणजे प्रचार आणि दुसऱ्याचा म्हणजे दगाबाजी. मी दोघांना एकच सांगितलं, मी काहीच बोलले नाही. हे मात्र दोघांनाही पटेना. आयुष्यभर मी गप्प बसले नाही, त्याची ही शिक्षा.

सोमवार, १७ तारीख

आज घरात रीतसर भांडण झालं. ते कळायला आमच्या घरची पद्धत सांगायला हवी.

ज्याला वाचता येत नाही त्याने मत द्यायला जाताना एक माणूस सोबत न्यावा, असं आहे. म्हणजे नेला तर चालतो. आधी आमचे हे यायचे. हे गेल्यावर बाळ. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं उभे राहायचो. बाळ कागद उलगडायचा, शिडीवर शिक्का मारायचा, घडी घालायचा आणि घडी माझ्या हातात द्यायचा. मी ती पेटीत टाकायची. एवढ्या निवडणुका झाल्या, पण शिक्का माझ्या हातून एकदाही पडला नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. सुईत दोराही तोच ओवून देतो.

आता बाळ स्वतः उभा आहे, त्याला आत येता येत नाही. साहेबांनी निरोप पाठवला की आजींच्या सोबत आपलं माणूस हवं, नाहीतर त्या दोन कागदांमुळे लोक हसतील. बाळ म्हणाला, "सोबत ही जाईल." ही म्हणजे आमची सूनबाई.

तेवढ्यात ताई आली. ती उसळली. "ती कशी जाईल? ती तुझी बायको. तू सांगशील तिथं शिक्का मारणार. आईसोबत मी जाणार."

"आणि तू कुणाची बायको आहेस गं?"

"मी आईची मुलगी आहे!"

"आणि मी आईचा कोण, भाडेकरू?"

मग व्हायचं ते सगळं झालं. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं इथपर्यंत गेलं. जाताना ताई दारात थांबली. आवाज एकदम खाली आला होता तिचा. "आई, हे गेले कित्येक दिवस झोपले नाहीत. लोक त्यांना विचारतात, सासूचंच मत नाही तर आमचं कशाला मागता? तुझा शिक्का शिडीवर पडला ना, तर मी या घराची पायरी चढणार नाही."

माझी ताई हट्टी आहे. लहानपणी एकदा अबोला धरला तर मांजरालासुद्धा बोलली नाही. ती म्हणाली म्हणजे चढणार नाही.

हे सांगताना सूनबाईचं पेन थांबलं. "काय गं?" म्हटलं. "काही नाही, शाई अडली," म्हणाली. बिचारी, नवऱ्याच्या काळजीने अर्धी झालीय.

गुरुवार, २० तारीख

ठरलं. मी एकटी जाणार.

बाळला सांगितलं तर म्हणाला, "आई, तुला जमणार नाही." ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, तुला जमणार नाही." बघा, एका बाबतीत तरी दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

दुपारी सूनबाईला बसवलं. तिने कागदावर तीन चौकोन आखले. एकात शिडी, एकात किटली, एकात छत्री. छत्रीवाला म्हणून तिसरा कुणी आहे, त्याला त्याच्या बायकोशिवाय कुणी पाहिलेलं नाही. बटाटा अर्धा कापून शिक्का केला. पहिला शिक्का शिडी आणि किटलीच्या मधोमध पडला. सूनबाई म्हणाली, "आई, हे बाद."

"का? दोघांना अर्धं अर्धं."

"तसं नसतं. एकालाच द्यायचं असतं."

"हे कुणी ठरवलं? आई नसणार तो माणूस."

दुसरा छत्रीवर पडला. त्याच्या बायकोला आनंद झाला असता. हळूहळू हात बसला. मग घडी. मी आडवी घातली, तर सूनबाईने थांबवलं. "अशी घातली की ओली शाई समोरच्या चित्रावर उमटते. उभी घाला, आणि आधी फुंकर मारा."

"तुला बरं माहीत!"

"दरवेळी करते ना."

"बाळने शिकवलं?"

"नाही. त्यांनी कधी विचारलं नाही."

"आणि तू गं कशावर मारतेस?"

"आई, बटाटा नीट धरा," म्हणाली. कान लाल झाले होते तिचे. लाजते अजून नवऱ्याचं नाव निघालं की. शिडीवरच मारत असणार, आणखी कशावर मारणार! बटाटे मात्र सगळे निळे झाले.

रविवार, २३ तारीख

शाळेत मतदान. लहान मुलांच्या बाकांच्या खोल्या, भिंतीवर पाढे. दाराशी एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला जावईबापू, दोघं नव्या कपड्यांत. मधून मी. दोघांनी एकदम हात पुढे केला, दोघांनी एकदम मागे घेतला.

आतला साहेब चांगला होता. "आजी, सोबत कोण?"

"कोणी नाही."

"वाचता येतं?"

"नाही. पण शिडी कुठली आणि किटली कुठली ते कळतं. चढायची ती शिडी."

शेजारची बाई हसली. त्यांनी मला कागद दिला आणि पुठ्ठ्यामागे पाठवलं.

तिथं कुणी नव्हतं. हे मला आधी सुचलंच नव्हतं. आजवर त्या पुठ्ठ्यामागे कुणाचा ना कुणाचा श्वास कानाशी असायचा. आज माझाच. इतकी वर्षं कुणी मला विचारलं नव्हतं की तुला काय वाटतं गं? तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच मला विचारलं.

बाळ प्रेमळ आहे. कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला. साहेबांनाही नाही म्हणता येणार नाही. जावईबापू तोंडाने फटकळ, पण मी चढावर धापा टाकत येताना दिसले की बस थांबवायचे. माझ्यासाठीच नाही, कुणीही असो. मागून लोक ओरडायचे, हे खिडकीतून मान काढून उलट ओरडायचे. बाळ माणसाजवळ बसून त्याचं दुखणं ऐकेल. दुसऱ्याच्या अंगावर धावून जायचं असेल तर जावईबापू. आता वॉर्डाला कोण हवं? मी उभी राहून विचार केला. बाहेरून मतदानाचे साहेब म्हणाले, "आजी, झालं का?" मी म्हटलं, "घाई असेल तर तुम्ही पुढे व्हा."

मग मारला. फुंकर घातली. घडी उभी.

कुणाला, ते इथं लिहायचं नाही. सूनबाई पेन वर धरून वाट बघते आहे. बघ वाट. एवढं लिही, की घडी घालायच्या आधी ज्याला दिलं नाही त्याच्या चित्रावरून मी बोट फिरवलं. लागलं असेल त्याला.

मंगळवार, २५ तारीख

बाळ निवडून आला. थोडक्यात आला, पण आला.

लोकांनी उचलून घरापर्यंत आणला. सगळे गेल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, "आई, तुझा शिक्का कामी आला."

"हो का?" म्हटलं.

मग फोन वाजला. जावईबापू. आवाज बसलेला. "आई, हरलो. पण तुम्ही एकटीने जाऊन मत दिलंत, मला कळलं कुणाला ते. तेवढं पुरे."

"हो का?" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी विचारलं, ताई कुठाय? म्हणाले, आत आहे. फोनवर आली नाही.

रविवार, ३० तारीख

ताई आली नाही. बाळला नगरपालिकेत खुर्ची मिळाली, गोल फिरते म्हणे.

शुक्रवार, ११ तारीख

आजही नाही. पायरी चढणार नाही म्हणाली होती. मी उतरणार नाही असं कुठं म्हटलं होतं? तशीच चपला घालून उतरले.

ताईने दार उघडलं. बोलली नाही, पण बाजूला झाली. जावईबापू भर दुपारी पांघरूण घेऊन पडलेले. शाळेची गाडी दारात, तिच्यावर धूळ.

"काय झालंय?"

"काही नाही, आई. हरलो, आता काय काम?"

मला राग आला. जावयावर रागवायचं नसतं, पण आला. "काम नाही कसं? ज्यांनी ज्यांनी किटलीवर शिक्का मारला ते सगळे काय मेले? गल्लीत राहतात ना अजून? बस आली का? नाही आली. बाळ तिकडं खुर्चीवर गोल फिरतोय, आणि त्याला कुठं थांबायचं ते सांगणारं कुणी नाही. तुम्ही पांघरूण घेऊन झोपलात तर विचारायचं कुणी, मी?"

"ते माझं ऐकतील का?"

"ऐकायला नको. उत्तर द्यायला हवं."

जावईबापू उठून बसले. ताई मागे उभी होती. म्हणाली, "आई, खरं सांग, शिक्का कुणाला मारलास?"

"तुझ्या बापाने मला कधी विचारलं नाही," म्हटलं, "कारण तो सोबतच असायचा. आता विचारलंस तर सांगते. सांगणार नाही."

ताई हसली नाही. पण चहा दिला, आणि कप भरलेला होता.

शनिवार, १९ तारीख

आज वॉर्डाची पहिली जाहीर बैठक, त्याच शाळेत. पुढे टेबल, टेबलामागे बाळ आणि अत्तराचे साहेब. समोर खुर्च्या, मधून वाट.

पुढच्याच रांगेत, टेबलाला लागून, दोन गादीच्या खुर्च्या होत्या. पाठीवर कागद चिकटवलेले. "नगरसेवकांच्या मातोश्री" आणि "सौभाग्यवती", असं सूनबाई आता सांगते आहे. मला कुठं वाचता येतं? मी त्यांच्यासमोरून सरळ गेले आणि पलीकडच्या बाजूला, मागच्या रांगेत, ताईशेजारी बसले. खुर्चीवर ताईची पिशवी होती. तिने ती उचलून मांडीवर घेतली.

सूनबाई माझ्यामागून येऊन माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. तिला तर वाचता येतं. माझी काळजी वाटून आली असेल.

बाळचं भाषण झालं. पक्षाचे आभार, साहेबांचे आभार. कुणाचा चष्मा सरळ केला नाही, टेबल मध्ये होतं. मग जावईबापू उभे राहिले. कागद दोन्ही हातांनी धरला होता, गाडी शिकायला आलेला चाक धरतो तसा. "बस कधी येणार, तारीख सांगा," म्हणाले.

साहेब बाळच्या कानाशी वाकले. बाळ म्हणाला, "विषय विचाराधीन आहे." लोक कुजबुजले. जावईबापूंनी पुन्हा विचारलं. बाळचा चेहरा लाल झाला. "अहो, घरचे लोक असून तुम्ही इथं असं... हे आपण घरी बोलू."

जावईबापूंनी कागदाची घडी घातली. खाली बसायला लागले.

मग मी उठले. उठायला वेळ लागला, तोवर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

"अहो नगरसेवक," म्हटलं.

बाळने वर पाहिलं. जन्मल्यापासून मी त्याला अहो म्हटलेलं नाही. त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याला अनोळखी माणसाच्या हातात सोडून चालले आहे. पण म्हटलं, आता बोलले तर बोलले.

"घरी बोलायचं ते घरी बोलू. तिथं मी विचारेन, जेवलास का? इथं यांनी विचारलंय, बस कधी येणार? तुमची ही खुर्ची काही घरी येत नाही. इथंच उत्तर द्या."

साहेब पुन्हा कानाशी वाकले. बाळने त्यांचं ऐकलं, मान हलवली, आणि मग, देवाशपथ सांगते, नाही म्हणाला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू आलं. मग उभा राहिला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "तारीख माझ्याकडे नाही. मी अजून विचारलेलीच नाही. सोमवारी विचारतो. कुठल्या रस्त्याने आणायची ते मला कळत नाही, कारण मी बस चालवलेली नाही." मग जावईबापूंकडे बघून, "तुम्ही माझ्याबरोबर येता का?"

"येतो," जावईबापू म्हणाले. "पण चौकातून नाही वळणार ती. आधीच सांगून ठेवतो."

"का नाही वळणार?"

"अरे, मी चालवलीय ती!"

बैठक संपली तरी ते दोघे संपले नाहीत. आम्ही सगळे चढ चढत निघालो. पुढे ताई आणि सूनबाई, माझ्या एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला जावईबापू, आणि माझ्या डोक्यावरून बस चौकातून वळत होती, नव्हती, वळत होती, नव्हती. एकाने एक हात धरला होता, दुसऱ्याने दुसरा. महिनाभर एकमेकांशी न बोललेली माणसं. घराच्या पायरीशी आलो. ताई बोलण्याच्या नादात सूनबाईबरोबर पायरी चढून आत गेली, तिच्या लक्षातही आलं नाही.

मी तिला आठवण करून दिली नाही. मला दम लागलाय असं सांगून त्या दोघांना घेऊन आणखी थोडा वेळ बाहेरच उभी राहिले.